घरच्या घरी इंग्रजी: पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी शब्दांचा आणि वाक्यांचा सराव

'गो, वेन्ट, गॉन', 'ईट, एट, ईटन' अशी क्रियापदांची तीन रूपं मूल झोपेतही म्हणून दाखवतं. त्यालाच म्हणा, 'काल संध्याकाळी काय केलंस ते इंग्रजीत सांग.' उत्तर येतं, 'यस्टरडे आय ॲम गो टू ग्राउंड.' महाराष्ट्रात जून २००० पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी ते पाचवीत सुरू व्हायचं. म्हणजे आजचं आठवीतलं मूल आठवं वर्ष इंग्रजी शिकत असतं. शब्द त्याच्या नजरेखालून गेलेले असतात, नियम वहीत उतरवून घेतलेले असतात. राहून जातं ते स्वतःचं वाक्य स्वतः जुळवणं, आणि तेही रोज.

पुढची पद्धत मराठी आणि सेमी-इंग्रजी माध्यमातल्या मुलांसाठी आहे. रोज अर्धा तास पुरतो. पालकांना इंग्रजी यायलाच हवं असं नाही. त्यांनी काय करायचं ते पुढे सांगितलं आहे. इंग्रजी वाक्यं इथे देवनागरीत दिली आहेत, म्हणजे घरातल्या कुणालाही ती मोठ्याने वाचून दाखवता येतील. मुलाच्या वहीत मात्र ती इंग्रजी लिपीतच उतरवा.

तयारी

एक दोनशे पानी वही, बुटांचा रिकामा खोका आणि भरपूर कार्डं. कार्डं विकत आणायची गरज नाही. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू पत्त्यांच्या आकारात कापली की झालं. इंग्रजी–मराठी शब्दकोश हवा, पण उदाहरणाची वाक्यं असलेला. नुसते अर्थ देणारा खिशातला कोश या कामाला फारसा उपयोगी नाही. मोबाइल मी मुद्दाम यादीत घेतलेला नाही. उच्चार ऐकायला तो चांगलाच. पण शब्द शोधायला म्हणून मुलाच्या हातात दिला की अर्धा तास कुठे गेला ते कळत नाही.

कोणते शब्द आधी घ्यायचे

बंगालमध्ये शिक्षण खात्यात काम केलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली इंग्रजीतल्या सर्वांत उपयोगी अशा सुमारे दोन हजार शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साध्या इंग्रजी मजकुरातले बहुतेक शब्द एवढ्याच साठ्यातून आलेले असतात. यातून धडा घ्यायचा तो असा की आठवीपर्यंत दोन हजार शब्द नीट वापरता आले तर मूल चांगल्या जागी असतं. अवघड शब्दांच्या मागे लागून 'मॅग्निफिसन्ट' पाठ करायचा आणि 'बॉरो' (उसनं घेणं) व 'लेन्ड' (उसनं देणं) यांतला फरक मात्र माहीत नसायचा, असं होऊ देऊ नका.

पहिल्या आठवड्यात नवा शब्द एकही नको. मुलाला घरात, गल्लीत, एसटी स्टँडवर फिरवा आणि मराठीत बोलताना आपण जे इंग्रजी शब्द सहज वापरतो ते गोळा करायला लावा: टेबल, कपाट नव्हे पण ड्रॉवर, गॅस, कुकर, स्विच, बल्ब, तिकीट, ड्रायव्हर, कंडक्टर, सिग्नल, पेट्रोल, सलाइन, इंजेक्शन, बॅट, विकेट, ओव्हर. शंभरी सहज गाठली जाते. अर्थ माहीत, उच्चार बराचसा माहीत. उरलं फक्त स्पेलिंग. 'मला इंग्रजी येतच नाही' असं म्हणणाऱ्या मुलाला ही यादी वहीच्या पहिल्या पानांवर दिसली की त्याचा सूर बदलतो. एक सावधगिरी बाळगा: काही शब्दांचा अर्थ आपल्याकडे येताना सरकला आहे. आपण ज्या 'हॉटेला'त मिसळ खातो त्याला इंग्रजीत रेस्टॉरन्ट म्हणतात. हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा.

त्यानंतर रोज पाच नवे शब्द, जास्त नाही. ते पाठ्यपुस्तकातल्या चालू धड्यातूनच घ्या, कारण तिथे त्यांना आधीच एक वाक्य मिळालेलं असतं. पाचांपैकी निदान दोन क्रियापदं असू द्या. आपल्या मुलांच्या वह्या फळं, फुलं, प्राणी, पक्षी यांच्या नावांनी भरलेल्या असतात. नामांचा ढीग आणि क्रियापदांचा दुष्काळ असला की वाक्य जन्मालाच येत नाही.

कार्ड कसं लिहायचं

इथे बहुतेक घरांत गाडी अडते. कार्डाच्या एका बाजूला इंग्रजी शब्द आणि दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ लिहिला जातो. मूल अर्थ सांगतं, आपण शाबासकी देतो, आणि तो शब्द त्याच्या तोंडून वाक्यात कधीच येत नाही. म्हणून कार्डावर वाक्य लिहा. पुढच्या बाजूला मराठी वाक्य, मागच्या बाजूला इंग्रजी. नव्या शब्दाखाली रेघ मारायची.

हे करण्याचं कारण आपल्या क्रियापदांत आहे. 'लागणे' हे एकच क्रियापद घ्या.

मला भूक लागली. – आय ॲम हंग्री.
शाळेत जायला वीस मिनिटं लागतात. – इट टेक्स ट्वेन्टी मिनिट्स टू गेट टू स्कूल.
मला उद्या नवी वही लागेल. – आय विल नीड अ न्यू नोटबुक टुमॉरो.
पाऊस पडू लागला. – इट स्टार्टेड रेनिंग.
मला झोप लागली. – आय फेल असलीप.
त्याला बॉल लागला. – द बॉल हिट हिम.

'लागणे म्हणजे काय?' या प्रश्नाला इंग्रजीत उत्तरच नाही. 'भूक लागली म्हणजे काय?' याला आहे. 'करणे'चंही तसंच: चहा करतो तेव्हा 'मेक', गृहपाठ करतो तेव्हा 'डू', आंघोळ करतो तेव्हा 'हॅव अ बाथ', फोन करतो तेव्हा नुसतं 'कॉल', चूक करतो तेव्हा पुन्हा 'मेक'. दार लावणे, दिवा लावणे, झाड लावणे यांचीही तीन वेगळी कार्डं होतील. अशी एका क्रियापदाची सहा-सात कार्डं मुलाकडूनच शोधून घ्या. मराठी वाक्यं त्याने सुचवायची, इंग्रजी तुम्ही, शिक्षकांनी किंवा शब्दकोशाने पुरवायचं. मुलं यात रमतात, कारण इथे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त सुचतं.

वाक्य त्याच्या जगातलं असावं. 'स्नो', 'डॅफोडिल' असल्या वाक्यांपेक्षा 'द बस वॉज लेट, सो आय मिस्ड द फर्स्ट पिरियड' हे वाक्य सोमवारी त्याच्या कामाला येतं.

खोका आणि त्याचे तीन कप्पे

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेली गोष्ट सुरुवातीच्या काही तासांत भराभर विसरली जाते आणि पुढे विसरण्याचा वेग मंदावतो. त्यावर उपाय म्हणून उजळणी अंतर वाढवत करायची. याच तत्त्वावर सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली कार्डांच्या खोक्याची पद्धत मांडली. त्यांच्या खोक्याला कप्पे जास्त होते. घरी तीन पुरतात.

पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या उभ्या लावून खोक्याचे तीन भाग करा. पहिला रोजचा, दुसरा दर तिसऱ्या दिवसाचा, तिसरा रविवारचा. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात जातं. मराठी वाक्य वाचून मुलाने इंग्रजी वाक्य मोठ्याने म्हणायचं, मगच कार्ड उलटायचं. बरोबर आलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात. चुकलं तर ते कुठल्याही कप्प्यात असो, पुन्हा पहिल्यात. रविवारी तिसऱ्या कप्प्यातलं कार्ड लागोपाठ दोन आठवडे बरोबर आलं की ते खोक्यातून बाहेर काढून रबर लावून ठेवायचं. महिन्यातून एकदा त्या गठ्ठ्यातली मूठभर कार्डं उचलून पाहायची.

दोन गोष्टींबाबत कडक राहा. 'हां, येत होतं मला' याला गुण नाहीत; कार्ड उलटण्याआधी पूर्ण वाक्य तोंडून बाहेर पडलं पाहिजे. आणि कार्डं रोज पिसायची. नाहीतर मूल वाक्य न वाचता क्रमच पाठ करतं, त्यातली हुशार मुलं तर नक्कीच.

एक वाक्य, सात रूपं

शब्दांना दहा-बारा मिनिटं गेली, आता वाक्यं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, 'मीना सकाळी झाडांना पाणी घालते.' इंग्रजीत कर्त्याच्या पाठोपाठ क्रियापद, मग कर्म, मग ठिकाण, मग वेळ. हा क्रम अंगात मुरवायला व्याख्या पाठ करून उपयोग होत नाही. त्यासाठी वाक्य हलवत राहावं लागतं. रोज एक साधं वाक्य घ्या आणि त्याची सात रूपं तोंडी करून घ्या:

मीना वॉटर्स द प्लान्ट्स इन द मॉर्निंग.

प्रश्न करा – डझ मीना वॉटर द प्लान्ट्स इन द मॉर्निंग?
नकार द्या – मीना डझ नॉट वॉटर द प्लान्ट्स इन द मॉर्निंग.
कालचं सांगा – मीना वॉटर्ड द प्लान्ट्स यस्टरडे मॉर्निंग.
कालचं विचारा – डिड मीना वॉटर द प्लान्ट्स यस्टरडे मॉर्निंग?
आत्ता चाललंय – मीना इज वॉटरिंग द प्लान्ट्स नाउ.
उद्याचं सांगा – मीना विल वॉटर द प्लान्ट्स टुमॉरो.
मीनाऐवजी मुली – द गर्ल्स वॉटर द प्लान्ट्स इन द मॉर्निंग.

सर्वांत जास्त चुका 'डझ' आणि 'डिड' यांच्यापाशी होतात: 'डझ मीना वॉटर्स', 'डिड यू वेन्ट'. मुलाला असं सांगा: क्रियापदाचा 'एस' किंवा भूतकाळ ही वाक्यातली एकच पिशवी आहे. 'डझ' किंवा 'डिड' आला की ती त्याने उचलली. मूळ क्रियापद मोकळ्या हाताने चालणार. दोघांच्या हातात पिशवी दिसली की चूक. 'डिड यू गो' हे एकदा असं समजलं की मूल स्वतःचं स्वतः पकडायला लागतं.

पहिले पंधरा दिवस 'वॉटर', 'प्ले', 'कुक', 'वॉश', 'क्लीन' अशी सरळ क्रियापदं. मग 'गो', 'ईट', 'राइट', 'बाय', 'ब्रिंग'. इथे तीन रूपांचा तक्ता कामी येतो, पण तो वर्णानुक्रमे पाठ करू नका, नादानुसार करा. 'कट', 'पुट', 'हिट', 'शट', 'हर्ट' ही तिन्ही रूपांत न बदलणारी मंडळी एकत्र. 'सिंग–सँग–संग', 'रिंग–रँग–रंग', 'ड्रिंक–ड्रँक–ड्रंक' एकत्र. 'कीप–केप्ट', 'स्लीप–स्लेप्ट', 'स्वीप–स्वेप्ट' एकत्र. 'बाय–बॉट', 'ब्रिंग–ब्रॉट', 'थिंक–थॉट', 'टीच–टॉट', 'कॅच–कॉट' एकत्र. 'नो–न्यू–नोन', 'ग्रो–ग्रू–ग्रोन', 'थ्रो–थ्रू–थ्रोन' एकत्र. तालावर म्हणायला हरकत नाही. फक्त म्हणून झाल्यावर प्रत्येक गटातल्या एका क्रियापदाची सात रूपं झालीच पाहिजेत.

'ई-डी' लागणाऱ्या क्रियापदांचे उच्चारही याच वेळी सांभाळा. 'वॉकेड', 'प्लेयेड' असं मुलं वाचतात. 'वॉक', 'वॉश', 'जंप' यांच्यापुढे तो 'ट' होतो, 'प्ले', 'क्लीन', 'ओपन' यांच्यापुढे 'ड', आणि मुळात 'टी' किंवा 'डी'च्या आवाजाने संपणाऱ्या 'वॉन्ट', 'नीड' यांच्यापुढेच 'इड'.

मराठी जिथे पाय ओढते

व्याकरणाचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत घरी शिकवण्याचा खटाटोप करू नका. ते शाळेत होतं. घरी वेळ द्यायचा तो मराठी आणि इंग्रजीची वाट जिथे वेगळी होते त्या मोजक्या जागांना, कारण आपल्या मुलांच्या बहुतेक चुका तिथल्याच असतात. त्या चुका आळसाच्या नसतात. मूल मराठीचा नियम प्रामाणिकपणे पाळत असतं.

पहिली जागा 'गेलो होतो'. 'काल मी बाजारात गेलो होतो' हे आपण सहज म्हणतो. मूल त्याचं 'यस्टरडे आय हॅड गॉन टू द मार्केट' करतं, कारण 'होतो' म्हणजे 'हॅड' असं त्याला शिकवलेलं असतं. इंग्रजीत इथे 'आय वेन्ट टू द मार्केट यस्टरडे'. 'हॅड' तेव्हा लागतो जेव्हा भूतकाळात दोन घटना आहेत आणि त्यातली एक आधी संपली आहे हे दाखवायचं आहे: 'मी स्टँडवर पोचलो तेव्हा एसटी सुटली होती', 'व्हेन आय रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट.' सरावासाठी मुलाकडून 'होतो, होती, होते'ने संपणारी दहा मराठी वाक्यं घ्या. प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा, 'दुसरी घटना कुठे आहे?' सापडली तर 'हॅड', नाही सापडली तर साधा भूतकाळ. माझ्या मते या एका सरावाने निबंधातली जेवढी लाल शाई वाचते तेवढी दुसऱ्या कशाने वाचत नाही.

दुसरी जागा आदराची. 'बाबा घरी आहेत', 'सर गणित शिकवतात', 'आजोबा पेपर वाचतात'. मराठीत मान देताना क्रियापद अनेकवचनी होतं, म्हणून 'माय फादर आर ॲट होम', 'सर टीच मॅथ्स'. गोची अशी की 'ही, शी, इट'ला 'एस' लागतो हा नियम मुलाला पाठ असतो. पण बाबा त्याच्या मनात 'तो' नसतातच. कुणा एका सरांकडे बोट दाखवून 'हे माझे सर' म्हणायचं तर ते 'दे आर माय टीचर' म्हणतं. त्याला स्पष्ट सांगा, की इंग्रजी क्रियापदात आदर मावत नाही. मोजायचं ते फक्त माणसं किती. एक माणूस असेल तर 'इज', 'हॅज', 'टीचेस'. मग घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसावर तीन-तीन वाक्यं करून घ्या.

तिसरी, जोडशब्दांची. मराठीत जोड्या लागतात: जरी–तरी, जेव्हा–तेव्हा, जर–तर. इंग्रजीत बहुधा एकच बाजू पुरते. 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी प्लेड' यातला 'बट' काढायचा. 'बिकॉज आय वॉज इल, सो आय डिड नॉट कम' यातला 'सो' काढायचा. 'व्हेन द बेल रँग, देन वी वेन्ट होम' यातला 'देन' काढायचा. सरावाला वाक्य लिहून द्या आणि 'यातला एक शब्द जास्त आहे, शोध' एवढंच म्हणा. याच ओघात 'जर'चं एक पाहा: 'उद्या पाऊस पडला तर' असं आपण भूतकाळाचं रूप वापरून म्हणतो, मूल 'इफ इट रेन्ड' किंवा 'इफ इट विल रेन' असं काहीतरी करतं, हवं असतं 'इफ इट रेन्स टुमॉरो, वी विल स्टे ॲट होम.'

चौथी जागा 'आहे'. ही खरं तर पाचवीतच पक्की व्हायला हवी. 'मी हुशार आहे'मधला आहे 'ॲम'. 'टेबलावर पुस्तक आहे'मधला 'देअर इज'. 'मला एक बहीण आहे', 'माझ्याकडे सायकल आहे', 'आमच्या घराला दोन दारं आहेत' या तिन्हींत 'हॅव' किंवा 'हॅज'. मराठी वाक्य म्हणायचं आणि मुलाने पूर्ण वाक्य न करता फक्त 'ॲम', 'देअर', 'हॅव' यांतलं एक ओरडायचं. पाच मिनिटांत वीस वाक्यं होतात.

'पासून'ही छळतो. 'मी तीन वर्षांपासून या शाळेत आहे' याचं 'आय ॲम इन धिस स्कूल फ्रॉम थ्री इयर्स' होतं. बरोबर वाक्य 'आय हॅव बीन इन धिस स्कूल फॉर थ्री इयर्स'. किती काळ ते सांगायचं तर 'फॉर', कधीपासून ते सांगायचं तर 'सिन्स': 'सिन्स जून', 'सिन्स मंडे'. हे सातवी-आठवीत घ्या, त्याआधी नको.

बाकीच्या जागा थोडक्यात. 'मला कळतंय', 'मला हवंय' यांमुळे 'आय ॲम अंडरस्टँडिंग', 'आय ॲम वॉन्टिंग' येतं. 'नो', 'वॉन्ट', 'लाइक', 'नीड', 'अंडरस्टँड', 'बिलाँग' यांना सहसा 'आयएनजी' लावत नाहीत. 'होमवर्क', 'इन्फर्मेशन', 'फर्निचर', 'ॲडव्हाइस' यांना अनेकवचनाचा 'एस' नाही. डोक्यावरचे केस अनेक असले तरी 'हर हेअर इज लाँग'. 'सोमवारी' म्हणजे 'ऑन मंडे', 'जूनमध्ये' म्हणजे 'इन जून', 'पाच वाजता' म्हणजे 'ॲट फाइव्ह'. 'अ' की 'ॲन' हे अक्षर पाहून ठरत नाही, कानाने ठरतं: 'ॲन अवर', 'अ युनिफॉर्म', 'ॲन एमएलए'. 'द' कुठे लावायचा याचे सगळे नियम मात्र एवढ्यात शिकवू नका. भरपूर वाचनाशिवाय तो नीट बसत नाही आणि परीक्षेत त्याने फारसं अडतही नाही.

चुका कशा दुरुस्त करायच्या

एका आठवड्यात एकाच प्रकारची चूक पकडा. या आठवड्यात 'गेलो होतो' घेतलं असेल तर मुलाच्या परिच्छेदातली फक्त तीच दुरुस्त होईल. 'अ', 'द', स्पेलिंग यांकडे डोळेझाक. हे शिक्षक असलेल्या पालकांना फार जड जातं, मला कल्पना आहे. पण पानभर लाल खुणा पाहिल्या की मूल पुढच्या वेळी कमी लिहितं, आणि कमी लिहिणाऱ्याच्या चुका कमी दिसतात एवढंच.

दुरुस्त वाक्य स्वतः लिहून देऊ नका. ओळीच्या कडेला एक टिंब काढा, याचा अर्थ 'या ओळीत काहीतरी आहे'. मुलाने शोधायचं. सापडलं नाही तर चुकीच्या शब्दाखाली रेघ. तरीही नाही जमलं तरच सांगायचं, आणि त्या वाक्याचं लगेच कार्ड करून खोक्याच्या पहिल्या कप्प्यात टाकायचं. स्वतःच्या चुकीतून झालेली कार्डं या खोक्यातला सर्वांत मोलाचा ऐवज असतो.

आई-वडिलांना इंग्रजी येत नसेल तर

तरीही बरंच काही करता येतं. कार्डाची मराठी बाजू तुम्ही वाचायची, मुलाने इंग्रजी म्हणायचं आणि कार्ड उलटून स्वतःच ताडून पाहायचं. तुमचं काम ऐकण्याचं, आणि 'आधी पूर्ण वाक्य म्हण' एवढं बजावण्याचं. 'दुसरी घटना कुठे आहे?', 'माणसं किती आहेत?' हे प्रश्न मराठीतलेच आहेत, ते तुम्ही विचारू शकता. सात रूपांच्या वेळी 'प्रश्न कर', 'नकार दे', 'कालचं सांग' एवढं म्हणायला इंग्रजी लागत नाही. शंका आलेली वाक्यं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायला सांगा. आठवड्यातून एकदा शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंना किंवा सरांना ती दाखवता येतात. पान घेऊन आलेल्या मुलाला शिक्षक सहसा परत पाठवत नाहीत.

दुहेरी भाषांतर

सहावीपासून पुढे आठवड्यातून दोनदा हा व्यायाम करा. तो जुना आहे: रॉजर ॲस्कम या इंग्रज शिक्षकाने लॅटिन शिकवण्यासाठी तो सुचवला होता, आणि त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १५७० साली छापलं गेलं.

पाठ्यपुस्तकातल्या शिकून झालेल्या धड्यातल्या पाच-सहा ओळी निवडा. मुलाने त्यांचं चांगलं, बोलतो तसं मराठी करायचं. 'ते होते एक सुंदर सकाळ' असलं मराठी चालणार नाही. ते मराठीच नीट नसेल तर पुढचा व्यायाम फुकट जातो. पुस्तक मिटा. दुसऱ्या दिवशी त्या मराठी ओळींवरून मुलाने पुन्हा इंग्रजी लिहायचं, आणि मग पुस्तक उघडून दोन्ही मजकूर शेजारी ठेवायचे. फरक दिसेल तिथे थांबायचं. काही ठिकाणी पुस्तकातलं वाक्य जास्त चांगलं असतं, काही ठिकाणी मुलाचंही बरोबर असतं, फक्त वेगळं असतं. हा फरक ओळखणं त्याला एकट्याला जमत नाही, तिथे शिक्षकांची मदत घ्या. याचा फायदा असा की बरोबर उत्तर छापील स्वरूपात हाताशी असतं आणि शब्द, क्रम, काळ, 'अ' आणि 'द' सगळ्यांचा सराव एकाच वेळी होतो.

आठवड्याची मांडणी

रोजचा अर्धा तास साधारण असा: दहा मिनिटं खोका, पाच मिनिटं नवी कार्डं, दहा मिनिटं सात रूपं किंवा त्या आठवड्याची अडचणीची जागा, शेवटची पाच मिनिटं दिवसाबद्दल तीन वाक्यं लिहिणं. तीनच, पण त्यातलं एक भूतकाळातलं आणि एक नकाराचं किंवा प्रश्नाचं. मंगळवारी आणि बुधवारी, तसंच शुक्रवारी आणि शनिवारी सात रूपांच्या जागी दुहेरी भाषांतर. रविवारी नवं काही नाही. तिसरा कप्पा आणि इंग्रजी शब्दांच्या भेंड्या.

भेंड्यांना हसू नका. शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द सांगायचा हा खेळ दहावीच्या तृतीय भाषेच्या, म्हणजे मराठी माध्यमातल्या इंग्रजीच्या, कृतिपत्रिकेत शब्दसाखळी म्हणून विचारला जातो, तसेच शब्द वर्णानुक्रमे लावणं, विरामचिन्हं देणं, एका मोठ्या शब्दातल्या अक्षरांतून छोटे शब्द बनवणं हे प्रश्नही. प्रवासात, लाइट गेली की, कधीही खेळता येतो. घरचा नियम थोडा अवघड करायचा: फक्त क्रियापदं चालतील, आणि सांगितलेल्या क्रियापदाचं वाक्यही म्हणायचं. शिष्यवृत्तीची तयारी करणाऱ्यांनी जुन्या प्रश्नपत्रिकांतले इंग्रजीचे बहुपर्यायी प्रश्न सोडवावेतच. मात्र सोडवल्यावर बरोबर पर्याय घालून पूर्ण वाक्य वहीत लिहावं. नुसता गोल काळा करून हात आणि कान दोन्ही कोरडेच राहतात.

खंड पडला तर

गणपती येतात, सहामाही येते, लग्नसराई येते, खंड पडणारच. परत सुरू करताना पहिल्या कप्प्यात कार्डांचा ढीग साचलेला असतो आणि मूल तो पाहूनच हबकतं. अशा वेळी ढिगातली पंधरा कार्डं उचला, बाकीची खोक्याबाहेर ठेवा. पंधरा पुढे सरकली की पुढची पंधरा. ढीग संपेपर्यंत नवा शब्द घेऊ नका आणि सात रूपांसाठी वाक्यही जुनंच, आधी नीट येत असलेलं वापरा. सणाच्या चार दिवसांत काय काय झालं याची तीन वाक्यं मात्र पहिल्याच दिवशी लिहून घ्या. 'गेलो होतो'ची उजळणी त्यात आपोआप होते.